ग्राफिक्स कार्डाची निवड आणि कसोटीचा प्रश्न : इ. स. १९९६ ते २०१३

१

संगणकावर खेळ खेळू इच्छिणाऱ्याने ग्राफिक्स कार्ड कोणते घ्यावे, हा प्रश्न वरकरणी इतिहासाच्या अभ्यासकाचा नव्हे. तो बाजारातला प्रश्न आहे, आणि बाजारातल्या प्रश्नांची उत्तरे सहसा एका हंगामापलीकडे टिकत नाहीत. परंतु असा प्रश्न असंख्य ग्राहकांनी थोड्या वर्षांच्या अवधीत पुन्हा पुन्हा विचारला, आणि त्याच्या उत्तरांवर काही कंपन्यांचा उदय व काहींचा अस्त अवलंबून राहिला, म्हणजे तो इतिहासाच्या कक्षेत येतो. त्या उत्तरांना आधार कोणता होता, हे पाहणे मग आवश्यक ठरते.

हा इतिहास बहुधा चिपांच्या वंशावळीच्या रूपाने सांगितला जातो. अमुक साली अमुक चिप आली, ती पूर्वीच्या चिपेपेक्षा इतक्या पटींनी वेगवान होती, म्हणून ग्राहक तिच्याकडे वळले, अशी ती मांडणी असते. ही मांडणी खोटी नाही. पण एक महत्त्वाची गोष्ट ती गृहीत धरून चालते. चिप वेगवान होती हे ग्राहकाला कसे कळले? चिपेच्या पोटात काय चालते ते त्याला दिसत नव्हते. चार-सहा कार्डे घरी आणून ताडून पाहण्याची ऐपत फारच थोड्यांची होती. त्याच्या हाती होते ते केवळ परीक्षणांतील आकडे आणि चित्रे. म्हणजे ग्राहकाने निवडले ते कार्ड खरे, पण ज्यावर विसंबून निवडले ती होती कसोटी. प्रस्तुत लेखात या कालखंडाकडे कसोटीच्या बाजूने पाहावयाचे योजिले आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे की, १९९६ नंतर ग्राहकाला प्रथमच एक विश्वसनीय कसोटी मिळाली. तिच्याच बळावर हा व्यवसाय वाढला. आणि ती प्रतिष्ठित होताच माल कसोटीस उतरावा म्हणून नव्हे, तर कसोटीपुरताच चांगला दिसावा म्हणून घडविला जाऊ लागला.

२

पार्श्वभूमीसाठी तांत्रिक भाग थोडक्यात सांगणे प्राप्त आहे. त्रिमितीचा भास निर्माण करणाऱ्या खेळात पडद्यावरील प्रत्येक चित्र, म्हणजे प्रत्येक फ्रेम, असंख्य लहान त्रिकोणांतून रचली जाते. त्या त्रिकोणांवर भिंतीचा, दगडाचा वा कातडीचा पोत दाखविणारी चित्रे डकवली जातात. त्यांना टेक्स्चर म्हणतात. हे सर्व गणित दर सेकंदाला निदान वीस-तीस वेळा पुरे व्हावे लागते, तेव्हा कोठे हालचाल सलग भासते. १९९६ पर्यंत घरगुती संगणकांत हे काम बहुतांशी मुख्य प्रोसेसरच करी. त्या वर्षीच्या जून महिन्यात इड सॉफ्टवेअर या अमेरिकन संस्थेने ‘क्वेक’ हा खेळ प्रसिद्ध केला, तो पेंटियम प्रोसेसरच्या गणनशक्तीवर भिस्त ठेवूनच. सामान्य पेंटियमवर तो खेळताना पडदा ३२० गुणिले २०० पिक्सेलांचा ठेवावा लागे.

या कामासाठी वेगळी चिप असावी ही कल्पना नवी नव्हती. तिला यश मात्र आले नव्हते. एनव्हिडिया ही कंपनी जेन्सन ह्वांग, ख्रिस मॅलाचौस्की व कर्टिस प्रीम यांनी १९९३ मध्ये स्थापन केली. तिची १९९५ मधील पहिली चिप, एनव्ही-१, त्रिकोणांऐवजी वक्र पृष्ठांचे गणित करणारी होती. मायक्रोसॉफ्टने पुढील वर्षी डायरेक्ट-थ्रीडी ही आपली पद्धती आणली, ती त्रिकोणांवर उभारलेली होती. त्यामुळे त्या चिपेचा निभाव लागला नाही. एस-थ्री कंपनीची ‘व्हर्ज’ चिप स्वस्त असल्याने पुष्कळ खपली. पण त्रिमितीच्या कामात ती इतकी मंद होती की, वेग वाढविणारी नव्हे तर घटविणारी चिप, असे तिचे उपहासाचे नाव रूढ झाले. ग्राहकाने अशी कार्डे घेतली, कारण ती न घेण्याइतकी माहिती त्याला देणारे साधनच नव्हते. वेष्टनावर ‘त्रिमिती’ हा शब्द सर्वांच्याच होता.

थ्रीडीएफएक्स ही कंपनी १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात उभी राहिली. रॉस स्मिथ, गॅरी टॅरोली आणि स्कॉट सेलर्स हे तिचे संस्थापक पूर्वी सिलिकॉन ग्राफिक्स या मातबर कंपनीत काम केलेले होते. त्यांच्या ‘व्हूडू ग्राफिक्स’ या रचनेला विशिष्ट प्रकारची स्मृती-चिप लागे. १९९६ मध्ये तिचे भाव कोसळले आणि घरगुती ग्राहकाला परवडेल असे कार्ड शक्य झाले. त्या वर्षाच्या उत्तरार्धात अशी कार्डे सुमारे ३०० डॉलरांना मिळू लागली. या कार्डात ४ मेगाबाइट स्मृती असे. ते केवळ त्रिमितीचे काम करी. साध्या कामासाठी संगणकात दुसरे कार्ड ठेवावेच लागे, आणि दोहोंना जोडणारी एक केबल बाहेरून फिरवावी लागे. म्हणजे ग्राहक आपले जुने कार्ड काढून टाकीत नव्हता; त्याच्या जोडीला केवळ खेळासाठी दुसरे घेत होता. असा खर्च करण्यास माणूस तयार व्हावयाचा तर त्याला फरक डोळ्यांनी दिसावा लागतो.

३

तो फरक दिसला तो ‘क्वेक’मध्येच. इड संस्थेतील प्रमुख प्रोग्रॅमर जॉन कारमॅक याने जानेवारी १९९७ मध्ये ‘जीएल-क्वेक’ ही आवृत्ती उपलब्ध केली. तीत चित्ररचनेचे काम कार्डाकडे सोपविलेले होते. ६४० गुणिले ४८० पिक्सेलांचा पडदा, म्हणजे पूर्वीच्या जवळजवळ पाचपट पिक्सेल, आणि तरीही हालचाल सलग. टेक्स्चरांचे ठोकळे जाऊन तेथे गुळगुळीत पृष्ठभाग आले. ज्याने हे एकदा पाहिले त्याला वेष्टनावरील मजकूर वाचण्याचे कारण उरले नाही.

पण आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. ‘क्वेक’मध्ये खेळलेला डाव नोंदवून ठेवण्याची सोय होती, आणि तो डाव यंत्राच्या पुऱ्या वेगाने पुन्हा चालवून सरासरी दर सेकंदाला किती फ्रेम रचल्या गेल्या हे सांगणारी ‘टाइमडेमो’ नावाची आज्ञाही होती. मुळात ही प्रोग्रॅमरच्या उपयोगाची सोय. परंतु परीक्षकांच्या हाती ती पडताच तिला सार्वजनिक मापाचे रूप आले.

या मापाचे गुण तीन. पहिला, ज्याची परीक्षा होते तीच गोष्ट ग्राहकाला हवी होती. तो कार्ड घेत होता तोच मुळी ‘क्वेक’ खेळण्यासाठी. दुसरा, प्रत्येक कार्डाला तोच मार्ग, तीच दालने, तेच शत्रू पार करावे लागत. त्यामुळे तुलना न्याय्य होई. तिसरा, आणि सर्वांत मोलाचा, हा प्रयोग कोणालाही घरी करून पाहता येई. परीक्षकाने छापलेला आकडा वाचकाला पडताळता येत असे. सोनाराच्या कसोटीच्या दगडाशी या मापाची तुलना करणे अयोग्य होणार नाही. सोने दगडावर घासावे, कस पाहावा, आणि भाव ठरवावा. दगड कोणाचाही असो, कस तोच उमटतो.

मापाचे दोषही त्यातच होते. परीक्षक बहुधा बाजारातील उत्तम प्रोसेसर वापरीत. त्यामुळे छापलेला आकडा हा कार्डाचा नसून कार्ड आणि प्रोसेसर या जोडीचा असे. १९९८ मध्ये आलेल्या ‘व्हूडू-२’च्या बाबतीत हे विशेष जाणवले. ज्याचा प्रोसेसर जुना होता त्याला परीक्षणातला वेग आपल्या घरी दिसत नसे. कारण कार्ड मोकळे बसून प्रोसेसरच्या गणिताची वाट पाहत राही. त्या कार्डाची एक जोडी एकत्र लावून पडद्याच्या रेषा आलटून-पालटून काढवून घेण्याची सोयही होती. पण तिचा लाभ व्हावयास प्रोसेसरही तोलामोलाचा लागे. आकडा खरा, आणि तरीही विशिष्ट ग्राहकापुरता दिशाभूल करणारा, असा हा प्रकार होता.

४

वेगाच्या आकड्यात न मावणारी दुसरी गोष्ट म्हणजे आज्ञाभाषा. खेळाने कार्डाला आज्ञा कोणत्या भाषेत द्यावयाच्या, याला या काळात एकच उत्तर नव्हते. सिलिकॉन ग्राफिक्सने १९९२ मध्ये पुढे आणलेली ओपन-जीएल ही एक. मायक्रोसॉफ्टची १९९६ मधील डायरेक्ट-थ्रीडी ही दुसरी. आणि थ्रीडीएफएक्सची स्वतःच्याच कार्डांपुरती असलेली ‘ग्लाइड’ ही तिसरी. डिसेंबर १९९६ मध्ये कारमॅकने डायरेक्ट-थ्रीडीवर जाहीर टीका करून ओपन-जीएलची बाजू घेतली. थ्रीडीएफएक्सने ‘क्वेक’ला लागतील तेवढ्याच ओपन-जीएल आज्ञांचे ‘ग्लाइड’मध्ये भाषांतर करणारा एक लहानसा ड्रायव्हर तयार केला. ड्रायव्हर म्हणजे खेळ आणि कार्ड यांच्यामधला दुभाषी. या दुभाष्याचे नाव आपल्याला पुढे पुन्हा घ्यावयाचे आहे.

‘ग्लाइड’ सोपी होती, वेगवान होती, आणि १९९७-९८ या काळात पुष्कळ खेळ तिच्यात लिहिले गेले. तेव्हा ग्राहकाने व्हूडू कार्ड घेतले म्हणजे एका चिपेबरोबर खेळांची एक मालिकाही घेतली. ही थ्रीडीएफएक्सची ताकद होती, आणि तीच तिची मर्यादाही ठरली. डायरेक्ट-थ्रीडीच्या पुढील आवृत्त्या सुधारत गेल्या. सर्व कार्डांवर चालेल असा खेळ लिहिणे निर्मात्यांना फायद्याचे वाटू लागले. डिसेंबर १९९९ मध्ये थ्रीडीएफएक्सने ‘ग्लाइड’ सर्वांसाठी खुली केली, तेव्हा तिची गरज ओसरत चालली होती.

याच संधिकालात कसोटीविषयीचा एक उद्बोधक वाद घडला. एनव्हिडियाच्या १९९८ मधील ‘रिव्हा टीएनटी’ने आणि १९९९ मधील ‘टीएनटी-२’ने ३२-बिट रंगाची सोय दिली. त्याच वर्षीच्या ‘व्हूडू-३’मध्ये मात्र त्रिमितीचे काम १६-बिट रंगातच होई. थ्रीडीएफएक्सचे म्हणणे असे की, ३२-बिट रंगाने वेग घटतो आणि त्या मानाने डोळ्याला फरक थोडा जाणवतो. शिवाय ‘व्हूडू-३’ तयार झालेले चित्र पडद्याकडे धाडताना त्यावर एक संस्कार करी, त्यामुळे रंगांतील दाणेदारपणा बराच कमी होई. आता गंमत अशी की, हा संस्कार चित्र स्मृतीतून बाहेर पडताना होत असे. आणि परीक्षक छापण्यासाठी चित्र घेत ते स्मृतीतून. अर्थात परीक्षणातील चित्रात ‘व्हूडू-३’चा रंग प्रत्यक्षाहून वाईट दिसे. दोन कार्डांची चित्रे शेजारी शेजारी छापून वाचकाला “तुम्हीच पाहा” म्हणणारा परीक्षक प्रामाणिक होता, पण त्याचा पुरावा सदोष होता. छायाचित्र खोटे बोलत नाही अशी समजूत असणाऱ्या संशोधकाने हे उदाहरण ध्यानी ठेवण्यासारखे आहे.

थ्रीडीएफएक्सचा अस्त यावरूनच झाला असे मात्र म्हणता येणार नाही. ‘व्हूडू-३’ वेगात मागे नव्हते, आणि त्याला चाहतेही होते. कंपनीने डिसेंबर १९९८ मध्ये एसटीबी ही कार्डे बनविणारी कंपनी विकत घेण्याचे जाहीर केले. त्यामुळे तोवर तिच्या चिपा घेणारे कार्ड-उत्पादक तिचे ग्राहक न राहता प्रतिस्पर्धी झाले आणि एनव्हिडियाकडे वळले. पुढच्या चिपांना उशीर झाला. ऑक्टोबर १९९९ मध्ये एनव्हिडियाचे ‘जीफोर्स २५६’ बाजारात आले. त्यात त्रिकोणांची स्थाने व प्रकाश यांचे गणितही कार्डच करी. ‘व्हूडू-५’ २००० मध्ये आले, त्यात ही सोय नव्हती. १५ डिसेंबर २००० रोजी थ्रीडीएफएक्सची तांत्रिक मालमत्ता एनव्हिडिया घेणार असल्याचे जाहीर झाले, आणि २००२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ज्यांनी काही महिन्यांपूर्वीच ‘व्हूडू-५’ घेतले होते त्यांच्या कार्डाला नवा ड्रायव्हर देण्यास कोणी उरले नाही. कार्डाबरोबर त्याच्या निर्मात्याचे आयुष्यही विकत घ्यावे लागते, हे कोणत्याही कसोटीच्या आकड्यात लिहिलेले नव्हते.

५

कसोटीची प्रतिष्ठा जसजशी वाढली तसतसा तिचा धोका वाढला. ऑक्टोबर २००१ मध्ये कॅनडातील एटीआय कंपनीच्या ‘रेडियन ८५००’ या कार्डाविषयी एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध झाला. ‘क्वेक-३’ हा खेळ तोपर्यंत सर्वमान्य कसोटी बनला होता. परीक्षकांनी त्या खेळाच्या फायलीचे नाव ‘क्वेक’ऐवजी ‘क्वॅक’ असे बदलले. बदलले ते केवळ नाव. तथापि वेग कमी झाला, आणि टेक्स्चरे मात्र अधिक स्पष्ट दिसू लागली. अर्थ उघड होता : ड्रायव्हर खेळाचे नाव ओळखत होता, आणि ते दिसताच चित्राचा कस कमी करून वेग वाढवीत होता.

वर दिलेला सोनाराच्या दगडाचा दृष्टान्त येथे तुटतो, आणि तो कोठे तुटतो हे पाहणेच उद्बोधक आहे. सोन्याला आपली परीक्षा चालू आहे हे कळत नाही. दुभाषी ड्रायव्हरला मात्र ते कळत होते.

दुसरी घटना मे २००३ मधील आहे. फिनलंडमधील फ्यूचरमार्क या संस्थेची ‘थ्रीडीमार्क’ ही मालिका प्रत्यक्ष खेळ नव्हती. ती केवळ परीक्षेसाठी रचलेली दृश्ये होती. तीत पाहणाऱ्याची नजर ठरलेल्या वाटेनेच फिरे. ‘थ्रीडीमार्क ०३’ चालू असताना विकसकांसाठीच्या आवृत्तीत नजर त्या वाटेवरून ढळविली, तेव्हा एनव्हिडियाच्या कार्डावर दृश्याचे काही भाग काढलेलेच नसल्याचे दिसले. परीक्षेची वाट आधीच ठाऊक असल्याने, त्या वाटेवरून जे दिसणार नाही ते ड्रायव्हर काढतच नव्हता. प्रत्यक्ष खेळात खेळाडू हवा तेथे वळतो, म्हणून तेथे ही युक्ती चालणे शक्यच नाही. फ्यूचरमार्कने असे ओळखणे टाळणारी सुधारित आवृत्ती काढली. तिच्यावर एनव्हिडियाच्या ‘जीफोर्स एफएक्स ५९०० अल्ट्रा’चे गुण सुमारे २४ टक्क्यांनी उतरले, एटीआयच्या प्रतिस्पर्धी कार्डाचेही सुमारे २ टक्क्यांनी उतरले. एटीआयने आपल्याकडील फेरफार काढून टाकण्याचे मान्य केले. एनव्हिडियाचा मूळ आक्षेप असा होता की, ही परीक्षा खऱ्या खेळांचे प्रतिनिधित्वच करीत नाही.

पुढे जूनच्या आरंभी फ्यूचरमार्क व एनव्हिडिया यांचे संयुक्त निवेदन निघाले. त्यात या प्रकाराला फसवणूक न म्हणता, विशिष्ट प्रोग्रॅमसाठी केलेली अनुकूल रचना असे म्हटले गेले. या शब्दबदलाचे मूल्यमापन करताना घाई करणे बरे नव्हे. एखाद्या खेळासाठी ड्रायव्हरमध्ये खास सुधारणा करणे आणि त्याचे चित्र तसेच ठेवून वेग वाढविणे, हे ग्राहकाच्या हिताचेच आहे. पुढील काळात तो सर्वमान्य प्रघातही झाला. दोष आहे तो दुसऱ्या ठिकाणी. जी सुधारणा केवळ परीक्षेतच दिसते आणि खेळात दिसत नाही, तिचे मोल ग्राहकाला शून्य असते, आणि ते मोल त्याच्याकडून वसूल मात्र केले जाते. अनुकूल रचना आणि फसवणूक यांतील सीमारेषा येथे आखावी, असे आम्हांस वाटते.

६

यानंतर परीक्षक सावध झाले. अनेक खेळ घ्यावे, स्वतः नोंदविलेले डाव वापरावे, चित्रही तपासावे, असा परिपाठ पडला. तरीही मापाचे एकक तेच राहिले : सेकंदाला सरासरी फ्रेम. या एककावरच पहिला गंभीर आक्षेप सप्टेंबर २०११ मध्ये ‘द टेक रिपोर्ट’चा संपादक स्कॉट वॉसन याने एका विस्तृत लेखाद्वारे घेतला.

त्याचा मुद्दा साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. एका सेकंदात ६० फ्रेम रचल्या गेल्या, तर प्रत्येकीस सरासरी १६.७ मिलिसेकंद लागले असे आपण म्हणतो. पण ५९ फ्रेमना प्रत्येकी १५ आणि उरलेल्या एकीला ११५ मिलिसेकंद लागले, तरी सरासरी ६० हीच येते. खेळणाऱ्याला मात्र तेथे स्पष्ट अडखळ जाणवते, आणि नेमका तोच क्षण डावाचा निर्णायक क्षण असू शकतो. खेळाडू दीर्घकाळ “आकडा चांगला आहे, पण खेळ अडखळतो” अशी तक्रार करीत, ती पूर्वी कल्पनेचा खेळ म्हणून सोडून दिली जाई. प्रत्येक फ्रेमचा काळ स्वतंत्र मोजताच ती तक्रार खरी ठरली. दोन कार्डे जोडून चालविणाऱ्यांच्या बाबतीत हा दोष विशेष होता. एएमडीने (तिने २००६ मध्ये एटीआय विकत घेतली होती) २०१३ मध्ये ड्रायव्हरमध्ये या दृष्टीने दुरुस्ती केली. नवे माप आल्यावर नवा गुण निर्माण झाला. म्हणजे मापाचा प्रभाव वाईट दिशेनेच पडतो असे नाही.

७

या विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, ग्राफिक्स कार्डांच्या बाजारात ग्राहकाची निवड ही कधीच कार्डाच्या मूळ गुणावर थेट आधारलेली नव्हती; ती कसोटीच्या मध्यस्थीने झाली, म्हणून कसोटीचा इतिहास वगळून बाजाराचा इतिहास पुरा होत नाही. दुसरा, कसोटी विश्वसनीय होती ती जोवर ती आणि ग्राहकाचा हेतू एकरूप होते तोवर. १९९७ चा ग्राहक ‘क्वेक’वर कार्ड पारखी आणि ‘क्वेक’च खेळे. परीक्षा आणि उपयोग यांत जेथे अंतर पडले, तेथेच लबाडीला जागा मिळाली. तिसरा, लबाडी उघडकीस आली ती दर वेळी साध्या उपायाने : फायलीचे नाव बदलून, नजर वाटेवरून ढळवून, सरासरी फोडून. जे पाहावयास सांगितले नव्हते ते कोणी तरी पाहिले, इतकेच.

आज कार्ड घेणाऱ्याने यातून काय घ्यावे, हे सांगणे इतिहासकाराचे काम नव्हे असे कोणी म्हणेल. तथापि एवढे म्हणण्यास हरकत नाही की, आपण जे खेळ खेळतो, आपला जो प्रोसेसर आहे, आपला पडदा जेवढ्या पिक्सेलांचा आहे, त्यांच्याशी जुळणारे परीक्षण एकच असले तरी ते दहा सर्वसाधारण आकड्यांहून अधिक मोलाचे असते. आणि या काळावर लिहू इच्छिणाऱ्या अभ्यासकाला त्या परीक्षणांची जुनी पाने हीच साधने म्हणून वापरावी लागणार आहेत. त्यांतील कोष्टके पाहून निर्णय देण्यापूर्वी आकडा कोणत्या यंत्रावर, कोणत्या ड्रायव्हरने, कोणत्या वाटेने मिळविला, आणि चित्र स्मृतीतून घेतले की पडद्यावरून, हे त्याने विचारले पाहिजे. बखरीच्या लेखकाला आपण आश्रयदाता कोण हे विचारतो. आकड्यालाही तोच प्रश्न विचारावयास हवा.